ओढणी, चेंडू आणि देशाची जर्सी

करमाळ्याचे नाव अलीकडे लांबलांब गेले ते सिनेमामुळे. जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ आमच्याच तालुक्यात चित्रित केला आणि २०१६ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तालुक्याच्या गावातून निघालेली गोष्ट जगापुढे जाऊ शकते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले. खेळाच्या बाबतीत मात्र आमची नजर अजून वेशीपर्यंतच जाते. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट सोडले तर चौथ्या खेळाचे नाव घरात निघत नाही. त्यातही मुलीच्या खेळाचे नाव निघाले, की बैठकीत शांतता पसरते.

आमच्या तांबोळी, बागवान, मुलाणी, शेख, पठाण घरांमध्ये ही शांतता आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. मुलगी सातवी-आठवीत असते. उंचीने बरी असते, पायात चपळाई असते. शाळेतले सर किंवा मॅडम तिला बास्केटबॉलच्या संघात घेतात. ती घरी येऊन हळूच विचारते, “अब्बा, जिल्ह्याला खेळायला जाऊ का?” अब्बा अम्मीकडे बघतात, अम्मी दादीकडे बघते. मग एक-एक कारण पुढे येते. कपडे कसले घालतात? डोक्यावरची ओढणी काढायला लावतात म्हणे. रात्री कुठे राहणार? सोबत कोण? आणि एवढे करून मिळणार काय?

हे प्रश्न खोटे नाहीत. विचारणारे आई-बापही मुलीचे वैरी नाहीत. पण यातल्या एका प्रश्नाचे उत्तर २०१७ सालीच बदलले आहे आणि ते अजून आपल्या पुष्कळ घरांत पोहोचलेले नाही. ते पोहोचवावे आणि बाकीच्या प्रश्नांकडेही सरळ बघावे, म्हणून हा लेख.

देशाच्या नावाने खेळणारी मुले

आधी या खेळाची सगळ्यात वरची पायरी समजून घेऊ. बास्केटबॉलची जागतिक संघटना म्हणजे ‘फिबा’. मोठ्यांच्या विश्वचषकाप्रमाणे ती मुलामुलींच्या राष्ट्रीय संघांसाठीही स्पर्धा भरवते. आशिया खंडात १६ वर्षांखालील आणि १८ वर्षांखालील अशा दोन वयोगटांच्या स्पर्धा होतात, मुलांच्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या. १८ वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत पहिल्या चारांत येणारे संघ पुढच्या वर्षीच्या १९ वर्षांखालील विश्वचषकाला जातात. हा विश्वचषक मुलांसाठी १९७९ साली ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात सुरू झाला, मुलींसाठी १९८५ साली अमेरिकेत. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१० पासून आहे.

ही सगळी परदेशातली गोष्ट आहे, असे समजू नका. मुलींची १८ वर्षांखालील आशियाई स्पर्धा २०१८ साली बंगळुरूला झाली आणि २०२२ साली पुन्हा तिथेच झाली. त्याआधी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १६ वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धाही बंगळुरूच्याच श्री कंठीरवा स्टेडियममध्ये झाली. तिथे भारताच्या मुलींनी ‘ब’ गटाचे विजेतेपद मिळवले आणि वरच्या ‘अ’ गटात जागा घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये मोठ्या महिलांच्या संघानेही बंगळुरूलाच आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला. अंतिम सामन्यात कझाकस्तानला त्यांनी ७५–७३ असे, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी हरवले. त्या संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली.

सोलापूरहून रेल्वेत बसले की एका रात्रीत बंगळुरू येते. आशियातल्या उत्तम खेळाडू मुली इतक्या जवळ येऊन खेळून गेल्या आणि आमच्या गावात त्याची कुणाला खबरही नव्हती.

हा खेळ आपल्याला परका नाही

‘हा इंग्रजी शाळेतल्या मुलांचा खेळ’ असा एक समज आहे. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो शोधून काढला हे खरे. थंडीत मुलांना घरात बसून कंटाळा येतो, म्हणून छताखाली खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. पीचची फळे ठेवायच्या टोपल्या त्यांनी भिंतीला टांगल्या आणि त्यात चेंडू टाकायला सांगितले. ती टोपली दहा फुटांवर होती. आजही कडे तेवढ्याच उंचीवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते.

पण महाराष्ट्रात या खेळाची एक मोठी तालीम कुठे होती, हे विचारा. मुंबईच्या नागपाड्यात. दाट मुस्लिम वस्तीचा, कष्टकऱ्यांचा हा मोहल्ला. तिथे १९२७ साली ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू झाले. ते सुरू करणारे क्लिफर्ड मॅनशार्ड पुढे १९३६ साली, आज ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक झाले. या केंद्राच्या अंगणात आणि जवळच्या मस्तान तलावाच्या मैदानावर मोहल्ल्यातली पोरे बास्केटबॉल खेळू लागली. दिवसा दुकानात नाहीतर कारखान्यात काम आणि संध्याकाळी मैदान असा अनेकांचा दिनक्रम होता. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकाने तिथे पिढ्या घडवल्या. त्यांच्या नावाचे मैदान आजही नागपाड्यात आहे.

याच मोहल्ल्यातून गुलाम अब्बास मुंतसिर पुढे आले. ते भारताच्या संघाचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. सिमेंटच्या एका अंगणातून, एका कड्याखालून मोहल्ल्यातला मुलगा देशाचा कर्णधार होतो, तर करमाळ्यातले, बार्शीतले, माढ्यातले मूल का होऊ नये?

जगात पाहिले तरी या खेळातली दोन फार मोठी नावे आपल्या ओळखीची आहेत. करीम अब्दुल-जब्बार यांच्या ३८,३८७ गुणांचा अमेरिकन व्यावसायिक लीगमधला विक्रम २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत कुणाला मोडता आला नाही. दुसरे नायजेरियाचे हकीम ओलाजुवान. त्यांनी बास्केटबॉल हातात घेतला तोच मुळी पंधरा-सोळाव्या वर्षी. त्यांच्या ह्यूस्टन संघाने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. १९९५ साली रमजान फेब्रुवारीत आला. ओलाजुवान रोजे ठेवून सामने खेळले आणि त्याच महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. रोज्यात मुलांनी असेच खेळावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे शरीर वेगळे, त्यांचे डॉक्टर वेगळे. पण दीन आणि मैदान यांतून एकच निवडावे लागते, ही भीती किती पोकळ आहे ते यावरून कळते.

ओढणीचा प्रश्न

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावर काही घालायला बरीच वर्षे मनाई होती. चेंडूच्या झटापटीत दुखापत होईल, असे कारण त्यासाठी दिले जात असे.

२०१४ साली हा प्रश्न दोनदा जगापुढे आला. जुलैमध्ये चीनच्या वुहान शहरात आशिया चषकाचे सामने चालू होते. भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन शीख खेळाडूंना पगडी उतरवून खेळावे लागले. मग सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला आशियाई खेळ झाले. कतारच्या मुलींचा संघ मंगोलियाविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा त्यांना हिजाब काढायला सांगण्यात आले. मुलींनी नकार दिला आणि सामना न खेळताच सोडला. पुढच्या सामन्यालाही त्या उतरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाहेर पडला. ज्या दिवसासाठी वर्षानुवर्षे सराव केला, तो दिवस त्यांनी बाकावरून उठून जाण्यात घालवला.

पगडीचा प्रश्न आणि हिजाबचा प्रश्न एकाच नियमाने अडवला होता, हे आपण विसरू नये. म्हणूनच तो सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंनी आवाज उठला. अमेरिकेतली बिल्किस अब्दुल-कादिर ही त्यातली ठळक मुलगी. शाळेत असताना तिने ३,००० हून अधिक गुण केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्याचा शालेय विक्रम आपल्या नावावर केला. कॉलेजातही ती डोके झाकून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खेळली. २००९ साली व्हाइट हाऊसमधल्या इफ्तारच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिचे नाव घेतले. पण शिक्षण संपल्यावर परदेशातल्या व्यावसायिक संघात जायचे ठरवले, तेव्हा हाच नियम आडवा आला. तिने खेळ थांबवला, पण बोलणे थांबवले नाही. बोस्नियन वंशाची इंदिरा काल्यो, इतर खेळाडू आणि अनेक देशांतले लोक तिच्याबरोबर उभे राहिले. सह्यांच्या मोहिमा झाल्या, पत्रे गेली, प्रायोगिक सूट मिळाली.

शेवटी मे २०१७ मध्ये हाँगकाँगला फिबाच्या बैठकीत नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. आज आंतरराष्ट्रीय सामन्यात मुलगी डोके झाकून खेळू शकते. शीख मुलगा पगडी बांधून खेळू शकतो.

नियम काय सांगतो ते नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीने मैदानात वाद होतात. डोक्यावरचे वस्त्र एकाच सलग रंगाचे असावे. संघातल्या जितक्या मुली ते घालतील, त्या सगळ्यांचा रंग एकच हवा. चेहऱ्याचा कुठलाही भाग झाकलेला नसावा. चेहऱ्याभोवती किंवा गळ्याभोवती उघडबंद करायचे काही नसावे, म्हणजे टाचणी, पिन, बटण, गाठ काही चालणार नाही. बाहेर लोंबणारा पदर नको. घालणारीला किंवा समोरच्या खेळाडूला इजा होईल असे त्यात काही नको. हात आणि पाय झाकणाऱ्या घट्ट बाह्या आणि लेगिंग्जही चालतात. तिथेही संघात रंग एकच पाळायचा.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. रोजची ओढणी मैदानात चालणार नाही. डोक्यातून सरळ ओढून घालता येईल असा, ताणला जाणारा, घाम लवकर वाळणाऱ्या कापडाचा एकसंध स्कार्फ लागेल. आपल्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या खाला तो एका दुपारी शिवून देतील. कापड तेवढे टी-शर्टासारखे ताणणारे घ्या, सुती वॉयल नको.

आणखी एक काळजी घ्या. भारतातल्या स्पर्धाही साधारण फिबाच्याच नियमांवर चालतात, पण प्रत्येक गावातल्या पंचाला नवा नियम तोंडपाठ असेल असे नाही. म्हणून नियमपुस्तकातल्या खेळाडूंच्या पोशाखाच्या पानाची छापील प्रत संघाच्या शिक्षकांजवळ असू द्या. सामन्याच्या आदल्या दिवशी आयोजकांना स्कार्फ दाखवून घ्या. ऐन सामन्याच्या वेळी पंचाशी वाद झाला, तर त्यात मुलीचे मन मोडते.

अडथळे सगळे संपले नाहीत

नियम बदलला म्हणून सगळीकडे दरवाजे उघडले असेही नाही. फ्रान्समध्ये देशांतर्गत बास्केटबॉल सामन्यांत हिजाबवर बंदी आहे. दियाबा कोनाते ही फ्रान्सच्या युवा संघातून देशासाठी खेळलेली मुलगी. पुढे ती अमेरिकेत शिकायला गेली, तिथे हिजाब घालू लागली आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघात खेळली. पण आपल्याच देशातल्या क्लबमध्ये तसे खेळण्याची वाट तिला बंद झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इतर देशांच्या मुली हिजाब घालून खेळू शकत होत्या, फ्रान्सच्या मुलींना मात्र परवानगी नव्हती.

हे सांगताना एक गोष्ट आम्ही आपल्याच घरांनाही विचारू इच्छितो. पॅरिसमध्ये मुलीला सांगतात, ‘डोके झाकलेस तर खेळू नकोस.’ आपण घरात सांगतो, ‘डोके झाकलेस तरी खेळू नकोस.’ मैदान दोन्हीकडे मुलीच्याच हातून जाते. ज्या मुली डोके झाकत नाहीत त्यांच्या खेळण्यावर कुजबुज करणारेही आपल्यातच आहेत. त्या मुलीच्या इमानाचे मोजमाप करण्याचे काम मैदानाच्या कडेला उभे राहिलेल्यांना कुणी दिलेले नाही.

हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण बयानात ऐकतो. पहिल्यांदा हजरत आयशा (रजि.) पुढे गेल्या. काही काळाने पुन्हा शर्यत झाली तेव्हा आप (स.) पुढे गेले आणि हसून मागची बरोबरी झाल्याचे म्हणाले. आपण ती ऐकून ‘सुभानअल्लाह’ म्हणतो आणि घरी येऊन मुलीला अंगणात धावू देत नाही.

मालीची मुले आणि त्यांच्याकडून घ्यायचा धडा

पश्चिम आफ्रिकेतला माली हा गरीब देश. बहुसंख्य लोक मुस्लिम. आपल्या तालुक्यासारखाच दुष्काळाशी झुंजणारा. २०१९ च्या जुलैमध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिओन शहरात १९ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. मालीची मुले एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत गेली. आफ्रिका खंडातला कुठलाही संघ त्याआधी तिथपर्यंत गेला नव्हता. अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना ९३–७९ असे हरवले. पण अमेरिकेसमोर शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या त्या पोरांचे जगभर कौतुक झाले. दोन वर्षांनी, २०२१ साली, हंगेरीतल्या डेब्रेसेनला मालीच्या मुली त्याच वयोगटात चौथ्या आल्या.

गोष्ट इथेच थांबवली तर ती गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. त्याच २०२१ साली मालीच्या बास्केटबॉलमधली एक काळी बाजू उघड झाली. तरुण खेळाडू मुलींचे लैंगिक शोषण प्रशिक्षक आणि पदाधिकाऱ्यांकडून वर्षानुवर्षे होत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. फिबाने स्वतंत्र चौकशी नेमली, अनेकांना निलंबित केले. चौकशीचा अहवालही गंभीर निघाला. मुली बोलल्या म्हणून हे बाहेर आले.

म्हणून ‘सोबत कोण?’ हा अम्मीचा प्रश्न जुनाट नाही, अगदी रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. पण ‘जाऊ नकोस’ म्हणून तो मिटवू नये. त्याचे उत्तर शाळेकडून आणि संघाकडून मागून घ्यावे. मुलींच्या संघाबरोबर महिला शिक्षिका आहे का? राहण्याची जागा कोणती, एका खोलीत किती मुली? तिथे प्रशिक्षकांना यायला मनाई आहे का? मुलीला रोज रात्री घरी फोन करता येईल का? पालकांपैकी एखादी आई सोबत येऊ शकते का? ज्या शाळेला या प्रश्नांचा राग येतो, तिथे आणखी खोलात जाऊन चौकशी करावी. मुलीलाही घरातच सांगून ठेवा, की कुणी नकोसा स्पर्श केला, नकोसे बोलले, एकटीला बोलावले, तर घरी येऊन सांगायचे, तुझा खेळ बंद होणार नाही. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. खेळ बंद होईल या भीतीनेच मुली गप्प राहतात. १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असावा.

करमाळ्यापासून वाट कशी जाते

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. सोलापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून जिल्ह्याचे सामने होतात, तिथून पुणे विभाग, मग राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. याशिवाय राज्य बास्केटबॉल संघटना आणि भारतीय बास्केटबॉल महासंघ यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. त्यातल्या १६ आणि १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धांमधून आणि शिबिरांमधून देशाचा संघ निवडला जातो. वाट लांब आहे. करमाळ्याहून सोलापूरला जाऊन यायलाच दिवस मोडतो. पण वाट आहे.

पंजाबातल्या बल्लो के या लहानशा गावातला शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत शिकला, चौदाव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि २०१५ साली तिथल्या एनबीए लीगच्या संघाने निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. बल्लो के गावही करमाळ्यासारखेच शेतीवाडीचे.

आता कागदाविषयी. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ती तारीख. क्रिकेट गल्लीत खेळायचे तोवर त्याने काही बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत मात्र जन्मवर्षावर सगळे ठरते. उदाहरणार्थ २०२२ च्या १८ वर्षांखालील स्पर्धेत १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच खेळू शकत होत्या. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांत नावाचे स्पेलिंग आणि तारीख एकच लागते. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शेक’ आणि तिसरीकडे आडनावच गायब, अशी कागदपत्रे आपल्या घरात सर्रास सापडतात. मूल जन्मले की नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करा आणि पुढे प्रत्येक कागद त्याच नोंदीवरून काढा. खेळासाठीच नव्हे, प्रत्येक कामासाठी हे आता गरजेचे आहे. आणि वय कमी दाखवून लहान गटात खेळवायचा मोह कुणी घातला, तर नाही म्हणा. तो खोटेपणा आहे आणि त्यात दुसऱ्या एखाद्या मुलीची जागा जाते.

‘मिळणार काय?’ या प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे. देशाच्या संघात बाराच जणी असतात. आपली प्रत्येक मुलगी तिथे जाणार नाही, हे उघड आहे. पण जिल्हा, राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला नियमांप्रमाणे सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस खात्यातही खेळाडूंना संधी असते. आणि कागदावर न दिसणारे एक असते. जी मुलगी चौघींना हाक मारून पास मागते, पंचाच्या निर्णयावर राग गिळते, हरल्यावर समोरच्या संघाशी हात मिळवते, ती पुढे सासरी, कचेरीत, बँकेत कुठेही मान खाली घालून उभी राहत नाही. आपल्या घरांत चाळिशीच्या बायकांना साखर, गुडघे, रक्तदाब यांनी घेरलेले आपण पाहतो. त्याचे एक मूळ तेराव्या वर्षी थांबलेल्या पायांत आहे.

मुलांविषयीही बोलले पाहिजे. मुलींच्या खेळावर चर्चा करणारे आपले मुलगे संध्याकाळी स्टँडजवळ मोबाईलवर वाकून बसलेले असतात. नागपाड्याच्या पोरांनी कामावरून आल्यावर चेंडू हातात घेतला. आपल्या मुलांनाही असर आणि मगरिबच्या मधला तास मैदानावर घालवता येईल.

एक खांब, एक कडे

पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद लागते. एवढे सिमेंटचे मैदान प्रत्येक गावात लगेच होणार नाही. पण आता ‘थ्री बाय थ्री’ हा अर्ध्या मैदानाचा प्रकार आला आहे आणि तो टोकियोपासून ऑलिम्पिकमध्येही आहे. त्याला १५ बाय ११ मीटर जागा आणि एकच कडे पुरते. संघात तीन जणी खेळतात, एक राखीव असते. सामना दहा मिनिटांचा, किंवा २१ गुण आधी करेल त्याचा. म्हणजे चार मुली जमल्या की संघ झाला. चार मुली तर एकेका गल्लीत सापडतील.

आमची सूचना अशी आहे. आपल्या जमातीची, ट्रस्टची किंवा बिरादरीची जिथे शाळा आहे, सभागृहाचे अंगण आहे, तिथे एक लोखंडी खांब उभा करावा. फळी लावून कडे बरोबर ३.०५ मीटरवर बसवावे, अंदाजाने नव्हे, टेप लावून. कारण खोट्या उंचीवर घोटलेला हात खऱ्या सामन्यात चुकतो. मुलींसाठी सहा नंबरचा आणि मुलग्यांसाठी सात नंबरचा असे दोन चेंडू घ्यावेत. मुलींसाठी वेगळी वेळ ठरवावी. त्या वेळी एखादी आपा किंवा निवृत्त शिक्षिका तिथे बसलेली असावी. खांबाचे लोखंड आपल्या वेल्डिंगवाल्या भाईंच्या दुकानात मिळेल, आणि लग्नाच्या एका जेवणावळीत एक भाजी कमी केली तरी खर्च निघेल. ज्यांना जमेल त्यांनी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांची यंदाची तारीख आणि प्रवेशाची मुदत विचारून यावे आणि ती शाळेच्या फळ्यावर लिहावी. पुष्कळ मुली केवळ मुदत टळल्यामुळे मागे राहतात.

आणि घरातली मुलगी विचारायला आली, की ‘बघू’ म्हणून विषय टाळू नका. कपड्यांचे काय ते आता तुम्हाला ठाऊक आहे. सोबतीचे प्रश्न कोणाला विचारायचे तेही ठाऊक आहे. तिच्याबरोबर शाळेत जा, मॅडमला भेटा, सामना कुठे आणि किती वाजता आहे ते लिहून घ्या. जमले तर सोलापूरला तिच्याबरोबर जा आणि मैदानाच्या कडेला बसून सामना बघा. करमाळ्याहून निघालेल्या मुलीला देशाची जर्सी मिळेल की नाही, ते अल्लाहच्या हाती. तिला जिल्ह्याच्या सामन्यापर्यंत पोहोचवणे मात्र आपल्या हाती आहे. ते आपण यंदाच करू, इन्शाअल्लाह.